चहा नसलेले चहापान

मुलांच्या चहापानाला माझा विरोध आहे.

हे वाक्य वाचून पुष्कळ मंडळींचा गैरसमज होईल, म्हणून खुलासा ताबडतोब करतो. मुलांना माझा विरोध नाही. मला स्वतःला एक मुलगी आहे. चहाला तर नाहीच नाही. बँकेतल्या बावीस वर्षांच्या नोकरीत रोकड जुळली नाही असे दिवस आले, पण चारचा चहा चुकला असा दिवस आला नाही. माझा विरोध आहे तो मुले आणि चहा ह्या दोन निरुपद्रवी गोष्टींच्या नावावर आम्ही आईबाप मंडळी जो प्रकार करतो त्याला. ह्या प्रकारात चहा नसतो, आणि मुले असतात ती फोटोपुरती.

चहा नसण्याबद्दलची माझी तक्रार तशी जुनी आहे. आमच्या लहानपणी, साताऱ्याला, मुलांना चहा देत नसत. 'चहा प्यायलास तर काळा होशील' असे सांगत. मी दहावीपर्यंत चहाला शिवलो नाही. रंगाच्या बाबतीत त्याचा काहीएक उपयोग झाला नाही, हे मला काउंटरवर पाहिलेल्या खातेदारांना सांगायला नको. पण त्या काळी निदान मुलांच्या वाढदिवसाला कोणी 'टी पार्टी' म्हणत नव्हते. हल्ली आमच्या डोंबिवलीत मोबाइलवर जी निमंत्रणे येतात त्यांत 'छोट्या दोस्तांसाठी हाय-टी' असे असते. हाय म्हणजे उच्च, तेव्हा हे काहीतरी उच्चभ्रू असणार, अशी सर्वांची समजूत. वास्तविक विलायतेत दुपारी नाजूक कपांतून, बोटभर सँडविचांबरोबर चहा घेत ती सरदार-उमरावांची मंडळी. त्याला म्हणत 'आफ्टरनून टी'. 'हाय-टी' हे दिवसभर राबून आलेल्या कामकऱ्यांचे संध्याकाळचे जेवण. चहाबरोबर पाव, मांस, बटाटे, घरात असेल ते. तेव्हा आमच्या इमारतीत हाय-टीचा खरा हक्कदार कोण असेल तर तो सकाळी आठपासून जिन्याखाली उभा असलेला इस्त्रीवाला. पण त्याच्याकडे आपण पुढे वळू.

गेल्या वर्षी आमच्या चिऊला सात वर्षे पुरी झाली, आणि पार्टी करायची ठरली. पार्टी ठरली म्हणजे पहिली गोष्ट करायची ती यादी. ही यादी मुलांची असते, पण मुले ती करीत नाहीत. रात्री जेवणे झाल्यावर, मूल झोपल्याची खात्री करून घेऊन, नवरा-बायको समोरासमोर बसतात आणि एकेक अर्ज विचारात घेतात. कर्जमंजुरीच्या बैठकीत आमचे साहेब लोक जसे बसतात तसेच.

"त्या तिसऱ्या मजल्यावरच्याला बोलवायचंय?"

"त्यांनी आपल्याला बोलावलं होतं."

"मग बोलवावंच लागेल. आणि ती वेणीवाली?"

"तिच्या आईनं मार्चमध्ये बोलावलं नाही."

"मग नको."

वेणीवाल्या मुलीने चिऊला शाळेत दोन वेळा स्वतःचा खोडरबर दिला होता, ही बाब त्या बैठकीपुढे आलीच नाही. आली असती तरी ती तारण म्हणून धरता आली नसती.

आता एक कबुली देतो. माझ्याकडे एक वही आहे. शंभर पानी, निळ्या पुठ्ठ्याची. तिच्यात रकाने आखलेले आहेत : नाव, तारीख, वस्तू, अंदाजे किंमत, परतफेड. चिऊच्या पहिल्या वाढदिवसापासून कोणी काय दिले हे त्या वहीत आहे. कोणी रंगपेटी दिली असेल तर त्या मुलाच्या वाढदिवसाला साधारण त्याच किमतीचे काहीतरी जाते. कमी गेले तर आपली इभ्रत जाते, जास्त गेले तर पैसे जातात. एका मुलाचा वाढदिवस मे महिन्यात येतो आणि ती मंडळी तेव्हा हमखास गावी असतात. त्यामुळे तीन वर्षांचे देणे आमच्या अंगावर राहिले आहे. बँकेत नव्वद दिवस हप्ता थकला की खाते अनुत्पादक धरतात. त्या हिशेबाने त्या मुलाच्या दृष्टीने मी केव्हाच बुडीत निघालो आहे, आणि जिन्यात त्याचे वडील भेटले की मी उगाच मोबाइलमध्ये पाहतो.

बी. कॉम.ला आम्हांला जमाखर्चाचा पहिला नियम शिकवला : घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा. ही दुहेरी नोंदीची पद्धत छापील पुस्तकात सविस्तर मांडली ती लुका पाचिओली ह्या इटालियन गणितीने, 1494 साली, व्हेनिसमध्ये. गंमत अशी की हा पाचिओली फ्रान्सिस्कन पंथाचा साधू होता. स्वतःच्या मालकीचे काही ठेवायचे नाही असे व्रत घेतलेल्या माणसाने देण्याघेण्याचे पुस्तक लिहिले. त्याने ते व्यापाऱ्यांसाठी लिहिले होते. सात वर्षांच्या मुलीच्या वाढदिवसाला ते लावायचे ही अक्कल आमची.

त्यातून 'रिटर्न गिफ्ट' म्हणून जो प्रकार निघाला आहे, तो तर जमाखर्चाच्या कोणत्याच शास्त्रात बसत नाही. पाहुणा दारातून आत येतो, हातातला खोका देतो. देणाऱ्याच्या जमा. दोन तासांनी त्याच दारातून बाहेर पडताना आपण त्याच्या हातात एक पिशवी देतो. घेणाऱ्याच्या नावे. खाते त्याच दिवशी बंद. बँकेत एखाद्या कारकुनाने अशी नोंद केली आणि संध्याकाळी उलटवली, तर साहेब विचारतात, "मग मुळात केलीत कशाला?" हा प्रश्न आजवर एकाही पार्टीत कोणी विचारलेला मी ऐकला नाही. विचारणाऱ्याला पुढच्या यादीत जागा राहणार नाही.

तर अशा त्या बैठकीत, यादी पंचविसावर आल्यावर, सौ. म्हणाली, "आणि गुड्डीचं काय?"

गुड्डी ही त्या इस्त्रीवाल्याची मुलगी. चिऊ इंग्रजी शाळेत जाते, गुड्डी पालिकेच्या. पण शाळा सुटल्यावर रोज संध्याकाळी साडेपाच ते साडेसात ह्या दोघी जिन्याखाली, त्या इस्त्रीच्या टेबलाखाली घर मांडून बसलेल्या असतात. आलेल्या पंचवीस मुलांपैकी चिऊ कोणाबरोबर किती वेळ खेळते ह्याचा तक्ता केला असता, तर पहिले नाव गुड्डीचे आणि दुसऱ्या नावाच्या आधी बरीच जागा मोकळी, असे झाले असते.

मी म्हणालो, "बोलवायला माझी ना नाही. पण तो बिचारा भेट कुठून आणणार? उगाच त्याला भुर्दंड. शिवाय ह्या सगळ्या इंग्रजी बोलणाऱ्या पोरांत तिलाच अवघडल्यासारखं होईल."

हे बोलताना माझा आवाज इतका कनवाळू लागला की माझे मलाच कौतुक वाटले. सौ. काही बोलली नाही. यादी पंचविसावर थांबली.

पार्टीचे वर्णन मी लांबवणार नाही. आपण सगळ्यांनीच ती पाहिलेली आहे. सोसायटीच्या हॉलमध्ये फुग्यांची कमान होती. कपाळावर शिंग असलेला गुलाबी घोडा हा त्या दिवशीचा विषय होता. वाढदिवसाला विषय लागतो हे मला तेव्हाच कळले. माइक घेतलेला एक तरुण दर दोन मिनिटांनी 'आवाज कुठेय?' असे विचारीत होता. पंचवीस मुले आणि तेवढेच पालक असलेल्या त्या हॉलमध्ये आवाज कुठे आहे हे न कळणारा तो एकटाच असावा. मुले त्याच्याकडे ढुंकून पाहत नव्हती. कमानीचे सामान ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आले होते त्या खोक्याची त्यांनी होडी केली होती. साडेचौदा हजारांचा कार्यक्रम एकीकडे आणि ते फुकटचे खोके एकीकडे. टेबलाखाली चारपाच मुली कागदी पेल्यांत पाणी घेऊन बसल्या होत्या. एकजण म्हणत होती, "घ्या ना वहिनी, गरम आहे तोवर घ्या." मला वाटते, त्या साऱ्या समारंभात चहापान म्हणून जे काही झाले ते तेवढेच. तेसुद्धा आम्ही हाताला धरून बाहेर ओढले, कारण केक कापायचा होता आणि फोटो काढणारा घाईत होता.

केक कापताना मेणबत्त्या फुंकल्या. 'आमच्या संस्कृतीत दिवा लावतात, त्यांच्यात विझवतात' हे भाषण मी इथे करणार नाही. ते करणाऱ्यांच्या घरीही केक येतो आणि तो ते दोनदा घेतात. पण तेव्हा सगळ्यांनी म्हटलेल्या त्या गाण्याबद्दल मात्र सांगायला हवे. त्याची चाल अमेरिकेतल्या हिल नावाच्या दोन बहिणींच्या एका गाण्याची. वर्गात शिरल्यावर सर्वांना सुप्रभात म्हणायचे असे ते मुलांचे गाणे 1893 साली छापले गेले. पुढे त्या चालीवर वाढदिवसाचे शब्द बसले, आणि ते सिनेमात वगैरे म्हणायचे तर एका संगीत कंपनीला पैसे मोजावे लागत. 2015 साली तिथल्या न्यायालयाने कंपनीचा तो हक्क खरा नाही असे ठरवले, आणि 2016 साली एक कोटी चाळीस लाख डॉलरांवर तडजोड झाली. म्हणजे वाढदिवसाच्या गाण्याचेसुद्धा खाते होते, आणि तेसुद्धा चुकीचे लिहिलेले. हे वाचल्यापासून माझ्या वहीबद्दल मला थोडे कमी वाईट वाटते.

केक कापून झाला आणि लक्षात आले की जिच्यासाठी हे सगळे चालले होते ती चिऊ जागेवर नाही. शोधाशोध झाली. मी जिना उतरून गेलो. खालच्या पायरीवर दोघी बसलेल्या. मध्ये कागदी बशी. केकचे दोन तुकडे केलेले, वेफर्स मोजून वाटलेले. आणि दोन पेल्यांत पाणी. गुड्डी मला पाहून उठली. चिऊ बसून राहिली.

"बाबा, गुड्डीचं नाव यादीत का नव्हतं?"

"अगं, तिला भेट आणावी लागली असती ना."

"मग मी तिला सांगितलं असतं, नको आणू म्हणून."

हा तोडगा बावीस वर्षांच्या नोकरीत मला सुचला नव्हता. मी तिला वर घेऊन गेलो, कारण पिशव्या वाटायच्या होत्या.

गोष्ट इथे संपली असती तर मी हा लेख लिहिला नसता. मोठ्या माणसांना असे लाजिरवाणे प्रसंग पचवायची सवय असते. पण एक तारखेला इस्त्रीवाला नेहमीप्रमाणे हिशेबाची वही घेऊन आला. मी कारकून, कोणाचीही वही पुढे आली की बेरीज ताडून पाहतो. शर्ट, पँटी, साड्या. चिऊचा तो पार्टीचा झालरींचा फ्रॉक त्यात होता. झालरींचे तो एरवी वेगळे पैसे लावतो. त्या फ्रॉकपुढे शून्य होते. मी म्हटले, "हे राहिलं तुमचं." तो म्हणाला, "बेबीच्या बर्थडेचं आहे साहेब, त्याचं कसलं घेणार." आणि तो फ्रॉक वर आणून दिला होता गुड्डीने, पार्टीच्या दिवशी सकाळी. म्हणजे पार्टीची बातमी तिला सर्वांच्या आधी होती.

भेट कुठून आणणार, असे मी विचारले होते. त्याने सगळ्यांच्या आधी आणून दिली होती. माझ्या निळ्या वहीत तिची नोंद नव्हती, कारण तिला रकाना नव्हता.

वाङ्मयातले सर्वांत प्रसिद्ध चहापान म्हणजे ॲलिसचे. 1865 सालच्या त्या पुस्तकात एक लांबरुंद टेबल आहे, त्यावर पुष्कळ जणांची मांडामांड आहे, आणि तीन यजमान एका कोपऱ्यात दाटीवाटीने बसले आहेत. मुलगी येताना दिसली की ते जागा नाही म्हणून ओरडायला लागतात. जागा आहे हे तिला दिसते आणि ती सरळ खुर्चीत जाऊन बसते. मग तिला दारू घ्यायचा आग्रह होतो, आणि दारू टेबलावर नसतेच. लोक ह्याला चमत्कारिक गोष्ट समजून हसतात. लेखक ऑक्सफर्डला गणित शिकवीत असे. माझी शंका अशी की त्याने चमत्कारिक असे काही लिहिलेच नाही, पाहिले ते लिहिले. मोठे टेबल, कोपऱ्यात यजमान, 'जागा नाही' म्हणून आरडाओरड आणि जे नाही त्याचा आग्रह. आमच्या सोसायटीच्या हॉलचे ह्याहून नेमके वर्णन मला करता आले नसते. फरक एवढाच की ॲलिस जाऊन बसली, गुड्डी जिन्यात थांबली.

आता ह्यावर नेहमीचा उतारा म्हणजे 'आमच्या वेळी असं नव्हतं'. तो मी घेणार नाही. आमच्या वेळी साताऱ्याच्या त्या वाड्यात वाढदिवसाला औक्षण होई, शिरा होई, आणि ओटीवरून हाक मारली की वाड्यातली सगळी पोरे गोळा होत. यादी नव्हती, पिशवी नव्हती. एकेक कंदी पेढा हातावर पडे. सगळे कसे छान. पण वाड्यामागच्या खोपटात राहणारा एक मुलगा होता, त्याच्या हातावर मालकीणबाई पेढा ठेवीत नसत, वरून टाकीत. तो झेलत असे. त्याचा झेल कधी सुटला नाही. आम्हां पोरांना ते त्याचे कौशल्य वाटे, आणि आम्ही टाळ्या वाजवीत असू. काय पाहत होतो ते पुष्कळ वर्षांनी कळले.

आज आपण पेढा वरून टाकत नाही. आपण सुधारलो आहोत. आपण नाव यादीतून गाळतो. मालकीणबाईंना निदान तो हात रोज समोर दिसत होता.

ह्या माझ्या म्हणण्यावर बँकेत, लोकलमध्ये आणि घरी मिळून जे आक्षेप आले त्यांचा समाचार घेतो. पहिला आक्षेप, 'मुलं एकदाच लहान असतात.' कबूल. म्हणूनच म्हणतो, त्या थोड्या वर्षांत त्यांना हिशेब शिकवू नका, पुढे बी. कॉम.ला शिकवतात. दुसरा आक्षेप, 'सगळेच करतात.' कर्ज थकवणाऱ्या प्रत्येकाने काउंटरवर मला हेच सांगितले आहे. तिसरा, 'मुलांच्या आनंदासाठी करावं लागतं.' मुलांचा आनंद खोक्यात होता, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिले आहे. चौथा आक्षेप सर्वांत सभ्य : 'गरिबाला बोलावून त्याला लाजवायचं का?' हा माझाच आक्षेप आहे, त्यामुळे त्याची नाडी मला पक्की ठाऊक आहे. लाज त्याला वाटेल असे आपण म्हणतो ते आपल्याला वाटू नये म्हणून. भेटीशिवाय आलेले मूल दारात उभे राहिले, तर आपल्या वहीत त्याचा रकाना रिकामा राहील आणि तो रिकामा रकाना आपल्याकडे बघत बसेल, ह्याची ही भीती आहे. तिला कनवाळूपणा म्हणणे ही नुसती चुकीच्या खात्यात केलेली नोंद आहे.

आणि खरे म्हणजे मुलांचे चहापान आपल्याकडे नवीन नाही. भातुकली म्हणजे दुसरे काय? पितळेच्या बोटभर पातेल्यात चुरमुरे आणि गूळ, कपात पाणी आणि 'घ्या ना वहिनी'. तिथे यजमान मुले असतात आणि पाहुणे मोठे. आजोबांना बोलावून तो पाण्याचा चहा पाजतात, आणि आजोबा फुरके मारून 'साखर जास्त झाली' म्हणतात. बोरनहाण घ्या. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हातरी काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेल्या पोराला पाटावर बसवतात, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे, शेंगा ओततात, आणि जमलेली पोरे ते लुटतात. हाताला लागेल ते ज्याचे त्याचे. पाहुण्याने लूट करावी हाच जिथे मान, तिथे वही कोण आणि कशी लिहिणार? आणि गोपाळकाला तर सर्वांवर कडी. प्रत्येक सवंगड्याने आपापली शिदोरी आणायची, ती सगळी एकत्र कालवायची, आणि मग वाटायची. कोणाची आंबिली होती नि कोणाचे दही होते हे कालवल्यावर सांगता येत नाही. आषाढी वारीची सांगता पौर्णिमेला गोपाळपुरात ह्या काल्यानेच होते. एवढे पायी चालून गेल्यावर शेवटी कळायचे ते हे, की एकदा कालवले की माझे-तुझे वेगळे काढता येत नाही. आमच्या जमाखर्चाच्या पुस्तकात ह्याला उत्तर नाही.

तेव्हा ह्या वर्षी चिऊचा आठवा वाढदिवस आला तेव्हा मी निळी वही तिच्याकडे दिली आणि म्हटले, मागच्या पानावर यादी कर. तिने एकच ओळ लिहिली : 'खाली जे असतील ते.' भेट आणायची नाही, घरून मूठभर काहीतरी आणायचे, एवढाच निरोप.

एकोणीस मुले आली. चुरमुरे आले, फरसाण आले, खाकरे आले. एकाने नुसते कॉर्नफ्लेक्स आणले, एकाने कच्चे पोहे. वेणीवाली डब्यात डाळिंबाचे दाणे घेऊन आली. गुड्डीने फुटाणे आणले. सगळे परातीत पडले. मुलांनी स्वतः कालवले, आणि तेव्हा कोणाचे हात धुतलेले होते ह्याची चौकशी मी मुद्दाम केली नाही. आणि सौ.ने चहा केला. खराखुरा. दूध भरपूर, पत्ती नावाला, गवती चहाची पात टाकून. कपबशीतून. एकोणीस पोरे बशीत ओतून, फुंकर घालून, फुर्र असा आवाज करीत चहा पिऊ लागली तेव्हा 'आवाज कुठेय' ह्या प्रश्नाचे उत्तर चार मजल्यांना मिळाले.

सगळे सुरळीत झाले असे मी म्हणणार नाही. तीन बशा फुटल्या. दोन मुलगे डाळिंबाच्या दाण्यांवरून हातघाईवर आले. सोफ्याच्या फटींतून चुरमुरे अजून निघताहेत. एक आई दारात म्हणाली, "चहा? मुलांना? काळी नाही का पडणार?" आणि दुसरीने मुलाला नेताना आमच्या हातांकडे असे पाहिले की पिशवी कुठेतरी मागे लपवलेली असावी. ती पुढच्या वर्षी चिऊला बोलावणार नाही, अशी सौ.ची खात्री आहे. इस्त्रीवाल्याला मी वर बोलावले. तो दारातच उभा राहून चहा प्यायला, आत बसला नाही. एका दुपारच्या काल्याने एवढा उंबरठा ओलांडला जात नाही, हे मला समजते. पण चहा त्याने संपवला, आणि "पत्ती कमी है" असे स्पष्ट सांगितले. पाहुणा नावे ठेवू लागला म्हणजे तो थोडा तरी घरचा झाला, असे मी धरून चाललो आहे.

रात्री सवयीने वही उघडली. नाव, तारीख, वस्तू. लिहिले, 'फुटाणे, मूठ एक.' मग डाळिंबाचे दाणे, मूठ एक. अंदाजे किमतीच्या रकान्यात काय लिहावे ते सुचेना. एकोणीस मुठी होत्या. त्यांतली मोठी कोणाची आणि लहान कोणाची, हे परातीत गेल्यावर मला सांगता येत नव्हते. बँकेत असा हिशेब राहिला तर रात्री नऊपर्यंत बसवून घेतात. मी वही मिटली आणि दिवा मालवला.

पुढच्या वर्षी पुन्हा करणार आहोत. निमंत्रण येणार नाही. खाली असाल तर या, मूठभर काहीतरी घेऊन या. चहा मिळेल. रंगाची जबाबदारी आमच्यावर नाही.